दोन भोंग्यांच्या मधला वेळ

त्या सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा बेसूर वाजला. मी ओसरीवर दाढीचं पाणी घेऊन बसलो होतो. साडेसहाचा पहिला भोंगा म्हणजे आमच्या धामणगाव बढ्याचं घड्याळ. त्यावर गडी बैल सोडतात, बाया पाण्याला निघतात आणि मी गालाला साबण लावतो. त्या दिवशी तो चिरक्या आवाजात सुरू झाला, मधेच खाली घसरला, पुन्हा वर गेला आणि कसाबसा थांबला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नसेल. मला वाटलं. वस्तरा हातात तसाच धरून मी मनाशी म्हणालो, "रुसले वाटतं!" आणि खरं सांगतो, मला थोडं हसूही आलं. आदल्या दिवशी मी सुपडाजींना तोडून बोललो होतो, आणि सुपडाजी रुसले की भोंगा बेसूर वाजतो, हे गावात मला एकट्याला माहीत होतं. संध्याकाळी जाऊन समजूत काढू, असं ठरवून मी दाढी उरकली. शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत जिनातला एक गडी धापा टाकत आला... सुपडाजी गेले होते. बॉयलरमधली आग पेटवून, वाफेच्या काट्यावर नजर ठेवून बसले होते, ते बसल्या जागीच गेले. भोंग्याची वेळ झाली म्हणून त्यांच्या हाताखालच्या आगवाल्यानं घाबऱ्याघुबऱ्या साखळी ओढली होती. मी रुसवा समजून हसलो, तेव्हा ते तिथेच, त्या साखळीपासून चार हातांवर निवलेले होते.

याला आता सहा आठवडे होतील. जिनाचा हंगाम संपत आला आहे. मोताळ्याकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या रोज थोड्या कमी होताहेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्याविषयी लिहून येतं, तशांपैकी सुपडाजी नव्हते. ते जिनाच्या बॉयलरवर होते. पण बत्तीस वर्षं मी या माणसाचा शेजारी होतो, आणि त्यांच्याविषयी लिहायला मी नाही बसलो तर दुसरं कोणी बसणार नाही. शिवाय लिहिणं हेच एक काम त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं, आणि तेच मी पुरं केलं नाही.

आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घातलं, त्यावरून सुपडा हे नाव. घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. भाऊ वांगी-मिरचीत रमले, हे मात्र विशीतच जिनात कोळसा टाकायला लागले आणि पुढे बॉयलर त्यांच्याच ताब्यात आला. गाण्याचा वारा घरात कुणाला लागलेला नव्हता. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेहून परतताना एक म्हातारे गवई आजारी पडून आमच्या मारुतीच्या देवळात टेकले आणि पुढे तीन वर्षं तिथेच राहिले. त्यांना सगळे नुसते बुवा म्हणत. सुपडाजी त्यांना भाकरी नेऊन देत. भाकरी खाऊन होईपर्यंत बसायचं, म्हणून बसले, बसले म्हणून ऐकलं, आणि ऐकल्यावर या तिशीतल्या, दोन मुलांच्या बापानं विचारलं, "बुवा, मले येईन काय हे?" बुवांनी सांगितलं म्हणे, येईल की नाही ते देवाला ठाऊक, पण रोज येऊन बस. ते रोज जाऊन बसले. बुवा गेले तेव्हा त्यांचा तंबोरा आणि गायला शिकवलेल्या सात चिजा सुपडाजींकडे राहिल्या.

तंबोरा राहिला, पण तो लावायचा कोणत्या सुरात? बुवा होते तोवर त्यांचा गळा होता. आता गावात पेटी नाही, बासरी नाही, आणि स्वतःच्या गळ्यावर सुपडाजींचा भरवसा नाही. आज एक सा लागे, उद्या दुसरा. मग एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की वाफेचा काटा ठरावीक ठिकाणी असताना भोंग्याची साखळी ओढली तर भोंगा रोज तोच सूर देतो. वाफ चढली की सूर चढतो, उतरली की उतरतो. त्यांनी काट्याच्या काचेवर, ज्या जागी त्यांना आपल्या गळ्याला सोसेल असा सूर सापडला, तिथे शेंदराचा एक ठिपका लावला. काटा त्या ठिपक्यावर आला की साखळी ओढायची, आणि भोंग्याचा सूर कानात धरून, पळत मागच्या खोलीत जाऊन तंबोऱ्याच्या तारा मिळवायच्या. हळूहळू भजनी मंडळही त्याच सुरात गाऊ लागलं, कारण सकाळी सकाळी तो अख्ख्या गावाच्या कानात पडलेला असे. मजुरांना वाटे, ठिपका देवाचा आहे. सुपडाजी त्यांना तसं वाटू देत. खरी गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, आणि वर म्हणाले होते, "मास्तर, हे आपल्या दोघात ठेवजा. लोक हासतीन."

पहिल्या भोंग्याला मजूर घरून निघत, दुसऱ्याला मशिनं सुरू होत. मधला अर्धा तास आगवाला आग राखी आणि सुपडाजी बॉयलरमागच्या खोलीत गात. हंगामात भोंग्याच्या आधारानं, हंगाम नसताना नुसत्या आठवणीवर, पण तो अर्धा तास त्यांनी कधी चुकवला नाही. मुलीचं लग्न असलेल्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं येऊन बसले होते. मला नेहमी बोलावत. मला सूर कळतो, गाता येत नाही. मी म्हणायचो, "सुपडाजी, वह्या तपासायच्या असतात, वेळ कुठे आहे? पेन्शनीत निघालो की शिकेन." ते हसायचे. "येळ का रस्त्यावर पडेल असते काय, मास्तर? कापसातून सरकी काढता, तशी काढा लागते."

आणि ते काढत. दिवाळी ते शिमगा जीन चाले, बाकीचा काळ बॉयलर थंड. त्या थंड दिवसांत दर वर्षी एक नवी गोष्ट शिकायची, असा त्यांचा नेम होता आणि त्याचा कुठेही उपयोग झाला पाहिजे अशी त्यांची बिलकूल अट नव्हती. एका उन्हाळ्यात ते माझ्या शाळेत येऊन पहिलीच्या पोरांमागे मांडी घालून बसले आणि पावसाळ्यापर्यंत वाचायला लागले. पोरं त्यांना पाटीवरची पेन्सिल उसनी देत. एका वर्षी म्हाताऱ्या पटवाऱ्यांकडून मोडी शिकले, का, तर ती दिसायला झोकदार आहे म्हणून. पन्नाशी उलटल्यावर भावाच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला भोपळा बांधून ते पाण्यात हातपाय मारताहेत आणि त्यांच्या पत्नी गोदावहिनी काठावर बसून "बुडा लागन तुमाले, बुडा, पन आधी घरची किल्ली देऊन बुडा!" म्हणून ओरडताहेत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पोहता आलं त्या दिवशी त्यांनी मला हात धरून विहिरीवर नेलं होतं. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. बारा वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला जिनाची पूजा होती. तिथे गाणं ठेवावं ही कल्पना माझी. मलकापूरच्या स्टेशनावर बैलगाडी पाठवून मी नागपूरकडच्या एका गवयांना आणवलं, पेटीसकट. आधी गावातला माणूस गाईल, मग पाहुणे. सुपडाजी धुतलेला सदरा घालून, तंबोरा घेऊन बसले. पाहुण्यांनी साथ द्यायला पेटी पुढे ओढली आणि पांढरी पट्टी दाबली. जुळेना. शेजारची काळी दाबली. तीही जुळेना. सुपडाजींचा सा नेमका दोन पट्ट्यांच्या मधे पडत होता. पाहुणे भले होते, ते काही कमीजास्त बोलले नाहीत; नुसतं नवलानं विचारलं, "हा सा कुठला हो?" सुपडाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण पाहुणे माझे, कार्यक्रम माझा, लोक कुजबुजू लागलेले, आणि माझी जीभ ही अशी... मी म्हणालो, "तो आमच्या जिनाच्या भोंग्याचा सा आहे, बुवासाहेब!" सगळा मांडव हसला. मालक हसले, हमाल हसले. सुपडाजींनी तंबोऱ्याला गवसणी घातली, पाहुण्यांना हात जोडले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा बेसूर वाजला. तिसऱ्या दिवशीही. काटा असेल तिथे ते साखळी ओढू लागले. अर्ध्या तासाचं गाणं बंद पडलं. रस्त्यात भेटले तर "राम राम मास्तर" म्हणत आणि पुढे जात. बोलणं बंद नव्हतं, म्हणून मला भांडताही येईना. पौष निम्मा उलटेपर्यंत रोज सकाळी तो भोंगा माझ्या कानात जायचा, आणि गावाला वेळ कळायची तेव्हा मला माझी चूक कळायची. शेवटी एके दिवशी दाढी अर्धी सोडून मी जिनात गेलो. मागच्या खोलीत ते भिंतीला टेकून बसले होते, बसायला एक पोतं, तंबोरा खुंटीवर. त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "मास्तर, खाली नका बसू. राख हाय." एवढंच. दुसऱ्या दिवशी भोंगा सुरात वाजला. गालावरचा साबण वाळेपर्यंत मी ओसरीवर बसून राहिलो होतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. धावत गेलो तर खोलीत दोन पोती अंथरलेली होती. दुसरं माझ्यासाठी, कोरं करकरीत.

त्यानंतर मी जात असे... जात असे म्हणजे, आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून, मग सणावारी. त्यांनी कधी "काऊन नाही आले?" म्हणून विचारलं नाही.

नागपूरहून बॉयलर तपासायला दर वर्षी साहेब येत. एका वर्षी त्यांनी हातोडी मारून, पत्रे ठोकून पाहिले आणि हुकूम दिला, की बॉयलर जुना झाला, यापुढे वाफ इतकी चढवायची नाही. शेंदराचा ठिपका हुकमाच्या वर राहिला. मला धास्ती वाटली. मी मुद्दाम गेलो. सुपडाजी काच पुसून खालच्या अंगाला नवा ठिपका लावत होते. म्हणाले, "बायलर बुढा झाला, मी बी झालो. वरचा सा मलेच लागत नव्हता दोन सालापासून. साहेबानं माह्या मनातलं केलं." आणि भजनी मंडळालाही त्यांनी तसंच, न सांगता, खाली उतरवलं. उतरलेल्या सुरात ते जास्त चांगले गात, हे माझं मत. आधी त्यांच्या गाण्यात धडपड ऐकू यायची, नंतर ती गेली.

यंदाचा त्यांचा नेम मोठा होता. बुवांच्या सात चिजा वहीत उतरवायच्या. त्यांना लिहिता येई, पण चिजा हिंदुस्थानी बोलीतल्या, आणि आपण शुद्ध लिहू याची त्यांना खात्री नव्हती. ते गाणार, मी शब्द लिहिणार आणि कुठे सूर वर जातो, कुठे खाली, त्याच्या काही खुणा आम्ही दोघांनी मिळून ठरवल्या होत्या. पावसाळ्यात तीन चिजा झाल्या. एका चिजेला चार-पाच सकाळी लागत. मग दिवाळी आली, शाळा आली, आणि माझं "उद्या येतो" सुरू झालं. जायच्या आदल्या दिवशी ते दुपारी शाळेत आले. डेप्युटी साहेबांच्या तपासणीला आठ दिवस होते, आणि मी हजेरीपटांच्या ढिगात बुडालो होतो. दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, उद्या सकायी येता काय? चार राह्यल्या. चौथीचा अंतरा कधी कधी इसरून राह्यलो." मी वर न पाहताच म्हणालो, "तुम्हाला काय सुपडाजी, भोंगा वाजवला की सुटलात! इथे माझी तपासणी आहे." ते "बरं, बरं," म्हणाले आणि गेले. त्यांची पाठ तेवढी मी पाहिली.

त्या सकाळी मी जिनात पोचलो तेव्हा त्यांना बॉयलरपासून हलवून मागच्या खोलीत निजवलं होतं. खोलीत दोन पोती अंथरलेली होती. मी आगवाल्याला, बळीरामला, विचारलं, "आज दुसरं कुणासाठी अंथरलं होतं? कोणी येणार होतं?"

तो म्हणाला, "दुसरं रोजच टाकत होते, मास्तर. आग पेटली का आधी दोन पोते. मी एकदा इचारलं तं म्हने, तुले काय करा लागते बे, टाकू दे."

रोज. बारा हंगाम. मी पोत्याकडे पाहिलं. त्यांचं राखेनं काळं पडलेलं, मधोमध विरलेलं. माझ्या पोत्याच्या घड्या अजून पुरत्या मोडलेल्या नव्हत्या. मी तिथे उभ्या उभ्या रडलो, आणि मजूर बघत होते त्याची मला लाज वाटली नाही.

तेराव्यानंतर गोदावहिनींनी मला बोलावून तंबोरा दिला. मी त्यांना विचारलंच, राहवेना म्हणून, की आदल्या रात्री जेवताना ते माझ्यावर रागावलेले होते का. त्या म्हणाल्या, "नाही वो. 'मास्तरले उद्या जमन असं वाटते,' म्हनत होते. पन ते असं रोजच म्हनत." हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बॉयलरवर आता बळीराम आहे. चांगला माणूस. मी एकदा गेलो तर काचेवरच्या ठिपक्याला त्यानं हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूचं फूल खोचलं होतं. "सुपडाजीचा देव हाय," म्हणाला. बत्तीस वर्षांत एकदा मी ती गोष्ट हशासाठी सांगितली होती, ती त्या दिवशी नीट सांगितली. बळीरामनं कानाची पाळी धरून ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यानं फूल काढलं, काटा ठिपक्यावर येईपर्यंत थांबला आणि साखळी ओढली. मी शेजारी उभा होतो. सूर जवळ आला... अगदी जवळ आला, आणि तिथून डगमगला. त्यानं तीनदा ओढून पाहिलं. गावात गोंधळ झाला, मजूर धावत आले. साखळी किती ओढायची आणि कुठे धरून ठेवायची, हे सुपडाजींच्या हाताला ठाऊक होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आपला हात असं काही करतो हे त्यांना स्वतःलाच माहीत नसावं. मी बळीरामच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, राहू दे.

मी आता सकाळी दाढी करत नाही, ती संध्याकाळी करतो. पहिला भोंगा होतो. बेसूरच होतो, आणि रोज, अजूनही, क्षणभर माझ्या मनात येतं, रुसले... मग सगळं आठवतं. मी ओसरीवर तीच दोन पोती अंथरतो, एकावर बसतो आणि तंबोरा मांडीवर घेतो. सा लावतो तो त्यांचा उतरलेला सा आहे असं मी समजतो. बरोबर की चूक, सांगायला कोणी नाही. वही उघडून त्या तीन चिजा म्हणायचा प्रयत्न करतो. गळा माझा असल्यामुळे शेजारी काय म्हणत असतील ते विचारायची सोय नाही. तिसरी संपली की पान उलटतो. तिथे मी पावसाळ्यातच वर 'चीज चौथी' असं ठळक लिहून, खाली रेघ ओढून ठेवली होती. त्या रेघेखाली काही नाही. तोवर दुसरा भोंगा होतो. मी उठतो, अंगणात जाऊन पोती झटकतो. त्यांचं झटकलं की अजून राख उडते. माझ्यातून काहीच निघत नाही.